फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट आणि प्लास्टर

संगीतचे कोरिओग्राफर सर यांस,



तुमचं बिल पोचलं. सहा गाणी, त्यांतली दोन कपल, एक ज्येष्ठ नागरिक स्पेशल, एक सरप्राइज एंट्री आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक धुमाकूळ, असं सगळं त्यात व्यवस्थित लिहिलंय. खाली 'पुन्हा सेवेची संधी द्यावी' असंही छापलंय. मी नवऱ्या मुलाची आत्या. कार्याचा हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून उत्तरही मीच लिहितेय. तुमच्या बिलाला मी आमच्याकडची तीन बिलं टाचणीनं जोडली आहेत: एक ऑपरेशनचं, एक प्लास्टरचं आणि एक गुडघ्याच्या एमआरआयचं. एका कार्यात एवढी सेवा पुष्कळ झाली, असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं.

पत्र जाहीर लिहायचं कारण एवढंच की तुळशीचं लग्न लागलं की तुमचा सीझन सुरू होतो आणि मग आमच्यासारखी आणखी बरीच कुटुंबं तुमच्या तावडीत येणार आहेत. त्यांना निदान आपलं काय होणार याची कल्पना असावी.

आधीच सांगते, माझा नाचाला विरोध नाही. 'आमच्या वेळी लग्नात असलं काही नव्हतं' हे वाक्य मी बोलत नाही, कारण आमच्या वेळी नव्हतं ते बरंच काही आता आहे आणि त्यातलं निम्मं चांगलं आहे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, तेव्हापासून आमच्याकडचं सीमांतपूजन आक्रसत गेलं आणि आदल्या रात्रीचं संगीत पसरत गेलं; गेलं तर गेलं, विहिणींची मानापमानाची एक जागा कमी झाली. शिवाय मी लहानपणापासून बरीच वर्षं कथक शिकले. पायांत घुंगरू बांधून घाम गाळलेला आहे. त्यामुळे तुमच्याकडे मी आत्या म्हणून जेवढं बघत होते, त्याहून जरा जास्तच बघत होते.

सराव रात्री साडेआठला. सोसायटीचं क्लबहाउस, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. मंडळी यायची ती थेट ऑफिसातून. पाठीवर लॅपटॉपची सॅक, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेली, वर तासभर ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पोटऱ्या आखडलेल्या. तुम्ही यायचात नऊच्या पुढे. स्पीकर लावायचा, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पहिलं वाक्य: "चला, टाइम नाहीये, डायरेक्ट फुल एनर्जी!" की लगेच फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. मला नेहमी प्रश्न पडायचा, तुमच्याकडे वन, टू, थ्री, फोर का नसतं? पुढे त्याचा उलगडा झाला. पहिल्या चार आकड्यांत जे व्हायला हवं, ते तुम्ही करतच नाही.

सूनबाईच्या जिमला जाणाऱ्या मैत्रिणीनं एकदा भीतभीत विचारलं, "सर, वॉर्म-अप?" तुम्ही हसून म्हणालात, "अरे, गाण्यातच होतो वॉर्म-अप." तिनं फारच लावून धरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना रांगेत उभं केलंत, खाली वाकवलंत, पायाचे अंगठे धरायला लावलेत आणि वर टाळ्यांच्या तालावर झटके द्यायला लावलेत. ज्या माणसांना बुटाची नाडी बांधायला खाली बसावं लागतं, त्यांना झटके. हा प्रकार बघून मला वाटलं, न केलेला वॉर्म-अप बरा.

सर, अंग ताणणं आणि अंग तापवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारीत पहाटे गुळाची ढेप वाकवून बघा, तुटेल. तीच जरा शेकली की हवी तशी वळते. स्नायूंचं तसंच. आधी नाडी हळूहळू वाढायला हवी, रक्त हातापायांकडे वळायला हवं, स्नायूंचं तापमान एखाद-दोन अंशांनी वर जायला हवं, सांध्यांतलं वंगण पातळ व्हायला हवं. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्यात काही गहन नाही. जागच्या जागी चालायचं, खांदे फिरवायचे, कंबर फिरवायची, भिंतीला धरून पाय पुढेमागे झुलवायचा, टाचा उचलून खाली ठेवायच्या, अर्धं बसायचं नि उठायचं. कपाळाला घाम फुटला आणि तरी शेजाऱ्याशी गप्पा मारता येतायत, एवढं झालं की बास. आणि तुमचं ते अंगठे धरून ताणून राहणं? ते नाचून झाल्यावर, अंग गरम असताना, अर्धा अर्धा मिनिट शांतपणे, झटके न देता. नाचाच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त नुसता ताणून धरला, तर त्याची ताकद उलट थोडा वेळ कमी होते, असं खेळाडूंच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे उडी मारायच्या आधी स्प्रिंग ढिली करून ठेवण्याची सोय तुम्ही केलीत.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याला पुरावा काय? २००८ मध्ये नॉर्वेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ मुली, सगळ्या फुटबॉल खेळणाऱ्या. निम्म्याअधिक संघांनी सरावाआधी वीस मिनिटं ठरावीक क्रमानं अंग तापवलं: धावणं, ताकद, तोल, उडीवरून नीट खाली येणं. त्यांच्या एकूण दुखापती बाकीच्यांपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी भरल्या. फुटबॉल म्हणजे नाच नव्हे, मान्य. फुटबॉलमध्ये शेवटी सगळे मिळून नव्वद किलोच्या मामांना खांद्यावर घेत नाहीत.

आता काकांकडे वळू. काका म्हणजे मुलाचे काका, माझा धाकटा भाऊ. वय बावन्न, नोकरी बँकेत, व्यायाम म्हणजे रविवारी मंडईतून पिशव्या आणणं. त्यांना तुम्ही शेवटच्या गाण्यात मधोमध ठेवलंत. गाणं अर्थातच 'झिंगाट'. २०१६ साली 'सैराट' आल्यापासून त्यावाचून आमच्याकडे नवरा घोड्यावर चढत नाही की उतरत नाही. त्यातल्या उड्या तुम्ही काकांकडून पूर्ण वेगात बसवून घेतल्यात. संगीतच्या रात्री तर त्यांनी दोन तास पाहुण्यांना खुर्च्या दाखवल्या, सरबत घेतलं, आहेराची पाकिटं सांभाळली आणि तुमची हाक आल्यावर पाकिटं माझ्या हातात देऊन थेट स्टेजवर. पहिली उडी झकास. दुसऱ्या उडीला पाय जमिनीवर टेकून पुन्हा रेटा द्यायच्या क्षणाला टाचेमागून टप्‌ असा आवाज आला. तो मला डीजेतही ऐकू आला, असं मी म्हणणार नाही; पण काकांना आला. ते गर्रकन मागे वळले आणि ओरडले, "लाथ कुणी मारली रे?" मागे कुणीच नव्हतं. ज्या भाच्यावर संशय, तो समोर रील काढत उभा होता.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं, पोटरी मुठीत धरून दाबली. चांगल्या पायाचं पाऊल हललं, दुसऱ्याचं ढिम्म. टाचेमागची जाड शीर, अकिलिस टेंडन, पूर्ण तुटलेली. डॉक्टर म्हणाले, 'मागून कुणीतरी लाथ मारली' हे वाक्य त्यांना या दुखापतीत नेहमीच ऐकायला मिळतं. लक्षण म्हणून पुस्तकात असतं. शरीरातली सगळ्यांत जाड शीर ही, पण टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर तिला रक्तपुरवठा कमी. तिशी ते पन्नाशीच्या आसपासचा पुरुष, आठवडाभर खुर्चीत, आणि एक दिवस अचानक बॅडमिंटन, क्रिकेट किंवा पुतण्याचं लग्न: ही शीर तुटते ती बहुधा अशांचीच. दुसऱ्या दिवशी काकांनी व्हीलचेअरवरून अक्षता टाकल्या. बँकेत रजेचं कारण 'नाचताना' असं लिहावं लागलं, त्याचं त्यांना पायापेक्षा जास्त लागलंय.

आता जरा माझ्या क्लासबद्दल. गुरूजी 'वॉर्म-अप' हा शब्द कधी उच्चारत नसत. क्लास सुरू व्हायचा तो तत्कारानं. तीनताल, सोळा मात्रा, विलंबित लय, ता थेई थेई तत्. कितीही वर्षं शिकलेली मुलगी असो, आधी ठाय. मग दुगुण. मग चौगुण. पोटऱ्या पेटायला लागल्या, पाठीवर घाम आला, की मग तुकडे, मग चक्करं. विलंबित फार कंटाळवाणं वाटायचं आणि आम्ही आपापसांत कुरकुरायचो. पण लय चढवत नेण्याच्या त्या शिस्तीत अंग आपोआप तयार व्हायचं. चक्कर आधी मागितली, तर गुरूजी नुसतं बघायचे, तेवढ्यानं पुरायचं. केरळात कथकळीवाल्यांचं याहून कडक. १९३० साली सुरू झालेल्या, आता चेरुतुरुत्तीला असलेल्या कलामंडलमसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पहाटे पोरांना तेल लावून, दोराला किंवा दांडीला धरून गुरू पायांनी मालिश करतात, तीही काही मऊ मऊ नव्हे. ते काकांना करा असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की ज्यांचं अख्खं आयुष्य नाचात जातं, तेही थंड अंगानं नाचत नाहीत. आणि ज्यांनी शाळेच्या गॅदरिंगनंतर कंबर हलवलेली नाही, त्यांना तुम्ही पहिल्या मिनिटाला चौगुण देता.

यावर आमच्यातलेच काही जण म्हणतात, पूर्वीच्या बायका मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी खेळायच्या, त्यांना कुठे वॉर्म-अप लागायचा? त्यांना लागत नव्हता, कारण दिवसभर उकिडवं बसून भांडी, जातं, विहीर यांतच तो होऊन जायचा. आणि त्यांना काही व्हायचं नाही हेही खरं नाही. मनगट मुरगळलं, कंबर लचकली, तरी सांगायचं कुणाला? सकाळी चूल तर पेटवायची असायची.

बरं, पायांतल्या गोष्टीकडे या. तुमची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती: 'लेडीज हील्स मस्ट, लुक चांगला येतो. जेंट्स मोजडी. यंगस्टर्स स्नीकर्स, कूल वाटलं पाहिजे.' एकाच संदेशात तीन दुखापतींची व्यवस्था. इतकं नियोजन आमच्या केटररलाही जमलं नाही.

मामींनी चार इंची पेन्सिल हील घेतली. मामी एरवी सपाट चप्पल घालणाऱ्या. आता घोट्याचं असं असतं की त्यात मधलं जे हाड आहे, टेलस, ते पुढे रुंद आणि मागे अरुंद. पाऊल सपाट असतं तेव्हा रुंद भाग वरच्या खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणजे उंच टाचेवर उभी राहिलेली बाई घोट्याचं कुलूप उघडं टाकूनच उभी असते. त्यात गिरकी, त्यात घागऱ्याचा घेर. रंगीत तालमीत मामींचा पाय आत वळला, पावलाची बाहेरची कड जमिनीवर आली आणि करंगळीकडच्या लांब हाडाचा बुंधा मोडला.

या हाडाला इतिहास आहे, सर, आणि तो तुम्हाला आवडेल. १९०२ साली लिव्हरपूलच्या रॉबर्ट जोन्स नावाच्या अस्थितज्ज्ञानं या मोडण्यावर लेख लिहिला. त्यात त्यानं जे रुग्ण वर्णिले, त्यांतला एक तो स्वतः: नाचताना टाच वर असताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार आला आणि हाड गेलं. त्याच्या नावानं आजही तिथला एक प्रकार ओळखला जातो. पुढे १९१७ मध्ये त्याला सरकारनं 'सर' केलं. तेही सर, तुम्हीही सर. फरक एवढाच की त्यांनी आधी स्वतःचं मोडून घेतलं. मामींचा प्रकार त्यांच्या नावाचा नाही, जरा शेजारचा निघाला, याचं मामींना थोडं वाईट वाटलं.

करवलीचं उलट झालं. तिच्या पायांत धावायचे महागडे बूट, तळाला खोल खाचा, रबराची पकड. धावायच्या बुटाचं काम पाय पुढे नेणं आणि घसरू न देणं. नाचात पाय जागच्या जागी फिरावा लागतो. स्टेजवर मांडववाल्यानं फळ्यांवर गालिचा ठोकला होता. तिनं गिरकी घेतली, बूट गालिच्यात रुतून राहिला आणि वरचं सगळं फिरलं. पाऊल फिरलं नाही की वळण गुडघ्यात जातं. गुडघ्यातली गादी फाटली. मेनिस्कस. नाचायचे बूट वेगळे मिळतात: तळ मधोमध दुभंगलेला, चवड्याखाली गुळगुळीत गोल, म्हणजे पाय वळतो पण निसटत नाही. ते नसतील तर साधे, हलके, फार खाचा नसलेले कॅनव्हास बूट तरी चालले असते.

मोजडी आणि कोल्हापुरी यांचं एकत्रच सांगते. चामड्याचा सपाट तळ टाइल्सवर काय करतो, हे आमच्या व्याह्यांनी एकट्यानं दाखवलं. नशीब की भिंत जवळ होती. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं तसल्याच चपला मिलानच्या रॅम्पवर नेल्या आणि बोंबाबोंब झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. अभिमान आहेच. पण मिलानमध्येही पोरं नुसती चालली. ठुमका कुणी मारला नाही. माती-शेणाच्या जमिनीवर आणि डांबरी रस्त्यावर उत्तम असलेल्या वहाणेनं टाइल्सवर धरून ठेवावं, ही अपेक्षाच चुकीची.

टाइल्सचंही सांगायला हवं. नाचाच्या चांगल्या शाळांमध्ये लाकडी जमीन असते, खाली पट्ट्यांवर उचललेली, उडीनंतर किंचित दबणारी. टाइल्सखाली काँक्रीट असतं आणि काँक्रीट काही दबत नाही. उडीवरून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. जमिनीनं त्यातलं काही घेतलं नाही, तर नडगी, टाच, गुडघा, कंबर यांनी ते सगळं वाटून घ्यायचं. नाचणाऱ्यांची नडगी दुखायला लागते, हाडाला बारीक तडे जातात, ते याच हिशेबातून. क्लबहाउस बदलता येत नव्हतं, हे मला कळतं. पण सरावात उड्या अर्ध्या करता आल्या असत्या. नऊ सरावांत नऊ वेळा पूर्ण उडी मारल्यानं काकांची उडी सुधारली नाही, हे व्हिडिओत तुम्हालाही दिसलं असेल. आणि संगीतच्या रात्री वर ती रंगीत कागदांची तोफ. टाइल्सवर चकचकीत कागदाचा थर, त्यावर चामड्याचा तळ. ही कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला माझा वेगळा नमस्कार कळवा.

मामी पडल्या तेव्हा तुम्ही धावत आलात, हे मान्य करते. "थोडं चाला मॅम, सुटेल," म्हणालात. मांडवातल्या एका आजींनी तेल गरम करायला सांगितलं, दुसऱ्या आंबेहळद उगाळायला बसल्या. "मोडलं असतं तर चालता आलं असतं का?" हे वाक्य तेवढ्यात तिघांनी म्हटलं. मोडलेल्या पावलावरही माणूस चालतो, पुष्कळदा चालतो. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम घालून दिले आहेत. दुखत्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीवरच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे. मामींना उंचवट्यावर नुसतं पदराचं टोक लागलं तरी कळ येत होती. पहिले दोन-तीन दिवस ना शेक, ना मालिश. पट्टी, पाय उशीवर उंच, आणि दुखत असेल तर कापडात गुंडाळून बर्फ. तो बर्फसुद्धा हवाच असं नाही. ज्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये बर्फ-विश्रांतीचा चार अक्षरी मंत्र दिला, त्यांनीच पुढे बर्फाबद्दल आपलं मत फिरवलं. आंबेहळदीचा लेप मात्र कुणाचं वाईट करत नाही, आजींना काम मिळतं.

आता इतका वेळ जे मागे ठेवलं होतं, ते लिहिते.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी पार्किंगच्या बाजूला. तुम्ही नऊच्या पुढे क्लबहाउसमध्ये यायचात, पण सोसायटीत तुमची गाडी बरीच आधी लागलेली असायची. मी तुळशीला दिवा ठेवायला गेले की तुम्ही दिसायचात. गाडीच्या बॉनेटला हात टेकून पोटऱ्या हलवत. जागच्या जागी गुडघे वर उचलत. मग कंबर, मग खांदे, मग दोन्ही पाय आळीपाळीनं झुलवत. मग एका पायावर उभं राहून तोल. मग डिकीतून तुमचे ते मधोमध दुभंगलेल्या तळाचे नाचायचे बूट काढून चढवायचे, गुडघ्यावर पट्टा सरकवायचा, एक केळं खायचं आणि मग आत येऊन टाळ्या वाजवायच्या: "टाइम नाहीये, डायरेक्ट फुल एनर्जी!"

म्हणजे अज्ञान नाही. मला खरं तर तेच जास्त आवडलं. माणूस आपल्या धंद्यात तरबेज असावा. तुम्हाला ठाऊक आहे की अंग तापवल्याशिवाय नाचलं तर सीझन मध्येच संपतो. तुमचा सीझन असतो, म्हणून तुम्ही जपता. आमची मंडळी एका रात्रीची, पुढच्या आठवड्यात ती तुमच्या ताब्यात नसतात.

तुमची बाजूही मी काढून बघितली आहे. पॅकेज गाण्यांवर ठरतं. वॉर्म-अपचं रील होत नाही, त्यावर कुणी हार्ट टाकत नाही. आणि आमच्याच घरातून सूर होता, "आम्ही स्टेपचे पैसे देतोय, पीटीचे नाही." हे म्हणणारे गृहस्थ माझे थोरले बंधू, मुलाचे वडील. त्यांना संगीतमध्ये फक्त हात जोडून चालत यायचं होतं, त्यामुळे ते धडधाकट आहेत आणि अजून तेच म्हणतायत.

तर आता कामाचं. आमच्या भाचीचं लग्न वैशाखात ठरलंय. एवढं होऊनही तरुण मंडळींनी पुन्हा तुम्हालाच बोलवायचं ठरवलंय, कारण तुमच्या रीलला चांगले व्ह्यूज आले. मला कुणी विचारलं नाही, पण हिशेब पुन्हा माझ्याकडे आहे. म्हणून बिलात एक ओळ वाढवून पाठवा: सातवं गाणं, वॉर्म-अप, पंधरा मिनिटं, प्रत्येक सरावाला आणि कार्यक्रमाच्या रात्री स्टेजमागे. बाकी गाण्यांचा जो दर, तोच लावा. घासाघीस करणार नाही, मी स्वतः देईन. तुम्ही पार्किंगमध्ये जे करता, तेच आत येऊन मोठ्यानं करायचंय, नवीन काही बसवावं लागणार नाही. प्रत्येक गाणं पहिले दोन सराव अर्ध्या लयीत. पन्नाशीपुढच्यांना उडीच्या जागी टाळी. टाळीलाही लोक शिट्ट्या मारतात. बायकांना हील पाहिजेच असली तर रुंद आणि बुटकी, पट्टा बांधलेली, आणि तीच सरावालाही. कागदांची तोफ नाच संपल्यावर. सगळ्यांचं घामेजलं अंग असतानाच शेवटी पोटऱ्या, मांड्या, कंबर सावकाश ताणून घ्यायची. त्या वेळी लावायला एखादं जुनं, संथ गाणं मी देईन, त्याचं रील केलंत तरी चालेल.

मामींचं प्लास्टर निघालं आहे. करवलीला डॉक्टरांनी रोज दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलंय, ती ते करते आणि घरात सगळ्यांना करायला लावते. तिचे बाबा मधेच बेसिन धरतात. तिची फिजिओथेरपी चालू आहे, त्याचं बिल आलं की तेही तुमच्या फायलीला लावीन.

कळावे, लोभ असावा.

मुलाची आत्या

ता. क. काकांनी निरोप दिलाय. त्यांना हायलाइट्सच्या व्हिडिओत पहिली उडी हवी आहे, दुसरी नको. आणि मूळ फुटेज असेल तर ते पूर्ण पाठवा म्हणतात. मागून लाथ मारणारा कोण, ते त्यांना एकदा स्वतः बघायचंय. डॉक्टरांचं त्यांना अजून पटलेलं नाही.